मोटारीचा एअर फिल्टर आणि आपल्या वाटांची धूळ

शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीच्या शेजारीं मोटारगाडी उभी दिसली, तर आतां कोणासहि नवल वाटत नाहीं. बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, सोयरीक, प्रसंगीं खताचीं दोन पोतीं किंवा टोमॅटोचे क्रेट, हें सर्व तिच्यावरच चालतें. परंतु बैलाच्या खुराकडे आणि खांद्याकडे आपली नजर जशी आपोआप जाते, तशी ती गाडीच्या इंजिनाकडे जात नाहीं. बोनेटखालचा सारा मुलूख मिस्त्रीचा, अशी आपली समजूत आहे. त्यांतील पुष्कळसा भाग खरोखरच मिस्त्रीचा आहे व तो त्याच्याकडेच राहूं द्यावा. पण एक वस्तु अशी आहे कीं, तिची निगा मालकानें स्वतः राखणेंच अधिक हिताचें. ती म्हणजे इंजिनांत जाणारी हवा गाळणारा एअर फिल्टर.

तो घरच्या घरीं कसा बदलावा हें या लेखांत सांगावयाचें आहेच. पण त्याहून अधिक आग्रहानें सांगावयाची गोष्ट वेगळी आहे. जुना फिल्टर गॅरेजांत नेऊन त्यास कॉम्प्रेसरची हवा मारावयाची आणि तोच पुन्हां बसवावयाचा, अशी जी चाल आपल्याकडे रूढ झाली आहे, तिला काटकसर म्हणतात. आमच्या मतें ती काटकसर नसून तोट्याचा व्यवहार आहे.

इंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतों, तें अर्धेंच खरें. पेट्रोल जळावयास हवा लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा, असें प्रमाण पडतें. एक लिटर पेट्रोलाचें वजन पाऊण किलोच्या आसपास धरलें तर त्यास अकरा किलो हवा हवी. आणि अकरा किलो हवा म्हणजे सुमारें ९,००० लिटर, अर्थात् दोनशें लिटरांचीं पंचेचाळीस पिंपें भरतील इतकी. एका लिटरांत गाडी पंधरा-वीस किलोमीटर गेली, तर तेवढ्या वाटेंत तिनें एवढी हवा पोटांत घेतली असें समजावें. डिझेल इंजिनास तर याहूनहि अधिक हवा लागते.

ही हवा कोठची, हा खरा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची हवा एक, आणि उसाच्या ट्रॉल्यांनीं पीठ केलेल्या शिवरस्त्यावर, मळणीयंत्राच्या शेजारीं, खडी-क्रशरच्या वाटेवर किंवा वैशाखांतील वावटळींत चालणाऱ्या गाडीची हवा दुसरी. दोन्ही गाड्या एकाच कारखान्यांतल्या व एकाच सालच्या असल्या, तरी फिल्टराच्या दृष्टीनें त्यांचें वय सारखें नसतें.

धुळींत मातीचे मऊ कण असतात, तसे गारगोटीचेहि अतिबारीक कण असतात. गारगोटी ही लोखंडाहून कठीण. तिचा कण सिलिंडरची भिंत आणि पिस्टनची रिंग यांच्यामध्यें सांपडला, कीं तो कानशीचें काम करतो. आणि डोळ्यांस दिसणाऱ्या खड्यापेक्षां न दिसणारा कणच येथें अधिक घातक ठरतो. रिंग आणि भिंत यांच्यामध्यें तेलाचा जो थर असतो त्याची जाडी थोड्याच मायक्रॉनांची, म्हणजे मिलिमीटरच्या थोड्याच हजारांशांची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मोठा खडा त्या फटींत शिरतच नाहीं. तेलाच्या थराइतका किंवा त्याहून किंचित् मोठा कण मात्र आंत शिरतो आणि दोन्ही पृष्ठभाग घासतो. रिंगा झिजल्या, कीं इंजिन ऑईल पिऊं लागतें, धूर निळसर येतो आणि चढावर गाडीचा दम तुटतो. हें एका दिवसांत घडत नाहीं, वर्ष-दोन वर्षांत घडतें; म्हणूनच दोष ऑईलवर जातो, पेट्रोलपंपावर जातो, किंवा गाडीच्या कंपनीवर जातो. पावणेदोन बोटें जाडीच्या त्या कागदी पट्टीचें नांव कोणी घेत नाहीं.

एअर फिल्टर म्हणजे रबरी कडेच्या चौकटींत बारीक घड्या घालून बसविलेला एक विशेष प्रकारचा कागद, किंवा कागदासारखें दाबलेलें तंतूंचें कापड. घड्या अशासाठीं कीं, लहान जागेंत मोठें क्षेत्र मावावें. आपल्या वाचकांस ठिबक संचाची गाळणी चांगली परिचयाची आहे. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबमापकांत फरक पडला, कीं आपण जाळी काढून ब्रशनें धुतों, वाळूच्या टाकींतून उलटें पाणी सोडतों, आणि गाळणी नव्यासारखी होते. हाच न्याय एअर फिल्टरास लावण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो, आणि तेथेंच घोटाळा होतो. ठिबकच्या जाळीचीं छिद्रें ठरलेल्या मापाचीं असतात व ती धुण्यासाठींच केलेली असते. फिल्टराचा कागद म्हणजे तंतूंचा गुंता आहे. कण त्यांत नुसता अडत नाहीं, तर तंतूंस चिकटून राहतो. तो गुंता विस्कटला तर पूर्ववत् होत नाहीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस खोटी वाटेल, पण ती खरी आहे. नवा कोरा फिल्टर अगदीं पहिल्या दिवशीं जितकें गाळतो, त्यापेक्षां थोडी धूळ बसल्यावर अधिक चांगलें गाळतो. बसलेल्या धुळीचा पातळ थरच गाळणीचें काम करूं लागतो आणि पूर्वीं निसटून जाणारे बारीक कण अडवितो. त्याबरोबर हवेस अडथळाहि वाढतो हें खरें. पण तो बराच काळ नगण्य असतो. तेव्हां फिल्टर तांबूस किंवा करडा दिसला, एवढ्यावरून तो निकामी झाला असें ठरत नाहीं. दर पंधरा दिवसांनीं तो काढून झटकणारा हौशी मालक प्रत्येक वेळीं हा उपयोगी थर मोडतो, आणि काढतां-घालतांना थोडी धूळ स्वच्छ बाजूस सांडतो तें निराळेंच.

आतां कॉम्प्रेसरविषयीं. गॅरेजांतील टाकींत दर चौरस इंचास शंभर पौंडांहून अधिक दाब असतो. नळीचें तोंड कागदास टेकवून ती हवा सोडली म्हणजे धुळीचा लोट उठतो, फिल्टर उजळ दिसूं लागतो आणि मालकास समाधान वाटतें. पण त्याच झोतानें तंतू फांकतात, घड्यांच्या कडा उसवतात, आणि चौकटीशीं असलेला चिकटा सुटतो. हीं भोकें डोळ्यांस दिसत नाहींत; ज्या कणांनीं रिंगा झिजतात त्यांस मात्र ती वेस उघडी होते. कांहीं कंपन्यांच्या पुस्तिकांत फिल्टर स्वच्छ करण्यास मुभा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तेथेंहि हवा कमी दाबाची, लांबून आणि इंजिनाकडील बाजूनें बाहेर जाईल अशी मारावी, असा संकेत असतो. गॅरेजांतील पोऱ्यास ही दिशा सांगितलेली असते काय? बहुधा नसते. पाण्यानें, पेट्रोलानें किंवा डिझेलानें कागदी फिल्टर धुणें तर सर्वथा वर्ज्य समजावें. सामान्य गाडीचा नवा फिल्टर कांहीं शें रुपयांस मिळतो. इंजिन खोलून रिंगा-बोअरचें काम काढलें तर त्याच्या पन्नास-शंभर पट खर्च सहज होतो.

फिल्टर बदलला कीं मायलेज वाढतें, असें दुकानदार सांगतात. याविषयीं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवरून असें दिसलें कीं, आधुनिक इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर बराच तुंबला तरी इंधनाच्या खर्चांत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. गाडीचा वेग घेण्याचा जोर मात्र कमी होतो. याचें कारण साधें आहे. हवा कमी आली तर गाडीचा संगणक पेट्रोलहि त्या मानानें कमी सोडतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाडींत ही सोय नव्हती, म्हणून तिच्याविषयींचा जुना समज तिच्यापुरता बरोबर होता. तात्पर्य, मायलेज घटलें नाहीं म्हणून फिल्टर ठीक आहे असें समजून स्वस्थ बसतां येत नाहीं. फिल्टर आहे तो इंजिनाच्या आयुष्यासाठीं.

मग बदलावा केव्हां? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत याचें कोष्टक असतें. बहुतेक गाड्यांस तें साधारण वीस ते चाळीस हजार किलोमीटरांच्या दरम्यान कोठें तरी असतें. परंतु त्याच कोष्टकाच्या जवळपास धुळीच्या प्रदेशांतील गाड्यांकरितां वेगळी सूचना छापलेली असते, आणि ती वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं. आपल्यापैकीं बहुतेकांची गाडी त्या दुसऱ्या सूचनेंत मोडते. आमच्या मतें खंडेनवमीस गाडीला हार घालतां त्याच दिवशीं, आणि रब्बीची मळणी उरकल्यावर एकदां, असें वर्षांतून दोनदां खोकें उघडून पाहणें पुरेसें आहे. फिल्टर पाहण्याची जुनी युक्ति अजूनहि उपयोगी पडते. काळोख्या खोलींत त्याच्या मागें बॅटरी धरावी. घड्यांतून प्रकाश मंद का होईना पण सर्वत्र सारखा येत असेल तर फिल्टर अजून चालेल. बहुतेक भाग अंधारा दिसला तर बदलावा; आणि एखाद्याच ठिकाणीं प्रकाशाचा लख्ख ठिपका दिसला, तर तेथें भोंक आहे असें समजून तो त्याच दिवशीं टाकून द्यावा, मग तो नवा कां असेना. कापड जाड असल्यास या परीक्षेवर फार विसंबूं नये. तेथें पुस्तिकेंतील किलोमीटरांचा हिशेबच बरा.

नवा फिल्टर मागतांना गाडीचें मॉडेल, साल, आणि पेट्रोल कीं डिझेल हें सांगावें. जुन्या फिल्टरावरील क्रमांक लिहून नेला तर उत्तमच. नुसतें ‘गाडीचा फिल्टर द्या’ म्हटलें तर दुकानदार ऑईल फिल्टर देईल, किंवा एसीचा फिल्टर देईल. एसीचा तो माणसांच्या नाकासाठीं असतो व बहुधा डाव्या बाजूच्या कप्प्यामागें बसतो. नकली मालापासूनहि सावध असावें. घड्या विरळ, रबरी कड कडक आणि कागद वेडावांकडा चिकटविलेला असा फिल्टर स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

प्रत्यक्ष कामास सामान अगदीं थोडें लागतें: नवा फिल्टर, दोन स्वच्छ फडकीं, आणि झांकणास स्क्रू असल्यास एक डिसमिस. सरावानें हें काम पंधरा मिनिटांचें. प्रथमच करणारानें अर्धा तास धरावा.

गाडी सपाट जागीं आणि वारा नसेल अशा ठिकाणीं उभी करावी. अंगण झाडलें जात असतां किंवा खळ्याच्या कडेला हें काम काढूं नये. इंजिन निवूं द्यावें, हँडब्रेक ओढावा आणि चावी काढून खिशांत ठेवावी. इंजिनाच्या बाजूस, किंवा कांहीं गाड्यांत त्याच्या माथ्यावर, काळ्या प्लॅस्टिकचें एक खोकें असतें. त्याची एक वाट पुढील जाळीकडून हवा घेते; दुसऱ्या वाटेनें घड्यांची जाड रबरी नळी इंजिनाकडे जाते. हेंच फिल्टराचें खोकें. त्यास लगेच हात घालूं नये. आधीं झांकण व सांध्याची कड ओलसर फडक्यानें पुसून घ्यावी, नाहीं तर झांकण उचलतांच वरची सगळी धूळ आंत सांडते.

झांकण बहुधा तारेच्या क्लिपांनीं धरलेलें असतें. क्लिप बोटानें उचलावी; जोर करूं नये, कारण उष्णतेनें प्लॅस्टिकचे आंकडे ठिसूळ झालेले असतात. स्क्रू असल्यास ते एका वाटींत ठेवावे. इंजिनाच्या सांदींत पडलेला स्क्रू शोधण्यांत अर्धा दिवस जातो, आणि दिवस सुगीचा असेल तर शोधणाराच्या तोंडून काय निघतें तें येथें छापतां येणार नाहीं. झांकणावर किंवा नळीवर पुष्कळदां हवेचें मोजमाप घेणारा सेन्सर असतो, त्याची वायर ताणूं नये. झांकण फिल्टर निघण्यापुरतेंच वर करतां आलें तर तेवढेंच करावें. वायर सोडवावीच लागली, तर चावी बंद असतांनाच खटका दाबून सोडवावी व काम संपतांच पुन्हां जोडावी. ती विसरल्यास गाडी सुरू करतांच इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

फिल्टर उचलण्यापूर्वीं मोबाईलनें त्याचें छायाचित्र काढून ठेवावें, म्हणजे कोणती बाजू वर होती याचा वाद राहत नाहीं. मग तो आडवाच, न हलवितां बाहेर काढावा.

येथें थोडें थांबून नीट पाहावें. मळकी बाजू कितीहि मळली असो, तिची चिंता नाहीं. तिचें कामच तें. पाहावयाची ती इंजिनाकडील स्वच्छ बाजू. त्या बाजूच्या खोक्याच्या भिंतीवरून आणि रबरी नळीच्या तोंडावरून बोट फिरवावें. बोटास धूळ लागली, तर हवा फिल्टराला वळसा घालून जात होती असें निश्चित समजावें. कड नीट बसलेली नसेल, एखादी क्लिप सैल असेल, झांकणास तडा असेल, फिल्टर भलत्या मापाचा असेल, किंवा कागदच फाटला असेल. नुसता नवा फिल्टर घालून हा दोष जात नाहीं. कारण शोधलेंच पाहिजे, आणि तें सांपडत नसेल तर तेवढ्यासाठीं मिस्त्रीस अवश्य बोलवावें. गॅरेजांतील घाईंत ही तपासणी राहून जाते. मालकानें स्वतः खोकें उघडण्याचा सर्वांत मोठा लाभ आम्ही हाच मानतों. मजुरीचे पैसे वांचतात तो भाग गौण.

नंतर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडांत दुसरें फडकें हलकेंच बसवावें. तें मोठें आणि भडक रंगाचें असावें, म्हणजे काढावयाचें राहत नाहीं. खोक्याच्या मळक्या भागांतील पानें, भुसा व मेलेले किडे हातानें वेंचून काढावे आणि ओलसर फडक्यानें आंतून पुसून घ्यावें. तेथें हवा मारूं नये. उडालेली धूळ नेमकी जेथें जाऊं नये तेथें जाते. ओल वाळूं द्यावी. नवा फिल्टर जुन्याशेजारीं ठेवून लांबी, रुंदी आणि जाडी ताडून पाहावी. चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असेल तर त्याचें टोंक इंजिनाकडे यावें. रबरी कड खांचेंत चारी बाजूंनीं सारखी बसली आहे, हें बोटानें चाचपून घ्यावें.

नळींतील फडकें काढून मग झांकण लावावें. पुष्कळ गाड्यांत झांकणाच्या एका कडेस प्लॅस्टिकच्या जिभा असतात, त्या प्रथम त्यांच्या खांचांत घालाव्या आणि नंतर दुसऱ्या बाजूच्या क्लिपा लावाव्या. क्लिप सहज लागत नसेल तर बहुधा फिल्टर तिरपा बसलेला असतो; पकडीनें दाबून ती लावण्यापेक्षां झांकण पुन्हां उघडावें. चारांपैकीं तीन क्लिपा पुरेत, हा हिशेब येथें चालत नाहीं. शेवटीं इंजिन सुरू करून मिनिटभर ऐकावें. शीळ घातल्यासारखा आवाज आला तर सांधा कोठें तरी उघडा आहे. सर्व ठीक असल्यास झांकणाच्या कोपऱ्यावर मार्करनें तारीख आणि त्या दिवसाचे किलोमीटर लिहून ठेवावे.

ट्रॅक्टरच्या बाबतींत हे नियम थोडे बदलतात. जुन्या ट्रॅक्टरांस, तसेंच दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपसारख्या गाड्यांस, तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असे, आणि अशीं यंत्रें आपल्या शिवारांत अजूनहि राबत आहेत. त्यांत हवा तेलावर आपटून जाते व धूळ तेलांत राहते. तें भांडें मात्र वरचेवर काढून, गाळ टाकून, धुवावेंच लागतें, आणि तेल खुणेपर्यंतच भरावें. खुणेवर भरलेलें जादा तेल इंजिन ओढून घेतें, आणि डिझेल इंजिन तें इंधन समजून आवरेनासें पळूं लागण्याचा धोका असतो. नव्या ट्रॅक्टरांत कोरडे फिल्टर असतात आणि पुष्कळदां ते एकांत एक असे दोन असतात. बाहेरचा पुस्तिकेंतील रीतीनें स्वच्छ करतां येतो. आंतला राखणदार आहे, त्यास झटकूं नये, तो बदलावयाचाच असतो.

पावसाळ्यांत एक निराळेंच संकट येतें. ओढ्याच्या पाण्यांतून नेतांना गाडी बंद पडली, तर ती पुन्हां सुरू करण्याचा मोह आवरावा. पाणी दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरांत गेलें असतां इंजिन फिरविलें तर पिस्टनचा दांडा वांकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी व खोकें उघडावें. फिल्टर ओला असेल तर गाडी ओढूनच गॅरेजांत न्यावी.

जुना फिल्टर चुलींत घालूं नये. रबर आणि प्लॅस्टिक जळून घाणेरडा धूर होतो. तो पिशवींत बांधून कचऱ्यांत द्यावा.

जी गाडी आठवडेच्या आठवडे गोठ्याच्या किंवा कोठाराच्या शेजारीं उभी राहते, तिच्याविषयीं एवढें सांगणें उरतें. उंदरांस हें खोकें फार आवडतें. आंत उबारा असतो, पाऊस लागत नाहीं, आणि फिल्टराचा कागद कुरतडून घरटें करावयास आयताच मिळतो. वर कापूस आणि ज्वारीचे दाणे ते बाहेरून आणतात. कुरतडलेल्या फिल्टरांतून निघालेले तुकडे पहिल्याच झटक्यास इंजिनाच्या वाटेस लागतात. अशी गाडी बाहेर काढावयाची असेल त्या दिवशीं चावी फिरविण्याआधीं बोनेट उघडावें, क्लिपा सोडाव्या आणि आंत कोणी बिऱ्हाड केलें आहे काय तें पाहून घ्यावें.